गुरांच्या कानांतील बिल्ला व शेतकऱ्याचें गुपित

वऱ्हाडांतील गुरांच्या बाजारांत ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांस रुमालाखालचा सौदा ठाऊक आहे. दलाल आपल्या हातावर उपरणें किंवा रुमाल टाकतो, विकणारा त्याखालीं आपला हात घालतो, आणि बोटें दाबून भाव सांगितला जातो. भोंवतालीं पंचवीस माणसें उभीं असलीं तरी जोडीचा भाव काय बोलला गेला हें तिसऱ्यास कळत नाहीं. ह्या चालीस मागच्या पिढीनें पुष्कळ नांवें ठेविलीं, आणि तीं ठेवण्यासारखींच होतीं. कारण रुमालाच्या आड दलाल विकणाऱ्यास एक व घेणाऱ्यास दुसरें सांगूं शकतो. धान्याच्या व कापसाच्या बाजारांतही देशांत ठिकठिकाणीं हीच चाल होती. परंतु तिच्यांत एक गोष्ट शेतकऱ्याच्या सोयीचीही होती. अडलेल्या माणसानें आपली जोडी किती उणें घेऊन दिली हें चारचौघांत फुटत नसे, आणि म्हणून पुढच्या आठवड्यांत गाय विकावयास आणली तर घेणारा त्याच्या अडचणीवर भाव बांधीत नसे.

बाजाराच्या कायद्याच्या बाबतींत वऱ्हाडास थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. कारंजा येथील बाजार (हें गांव आज वाशीम जिल्ह्यांत आहे) सन १८८६ मध्यें हैद्राबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें नियमाखालीं आला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिला बाजार समजला जातो. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्याचा कापूस बाजाराचा कायदा १९२७ चा, म्हणजे तीस वर्षें मागाहूनचा. ह्या जुन्या कायद्यांत उघडेपणाचें बंधन कोणावर घातलें होतें हें पाहण्यासारखें आहे. दलालानें परवाना घ्यावा, मापाऱ्यानें परवाना घ्यावा, वजनें तपासलीं जावीं, हा त्याचा रोख होता. शेतकऱ्याच्या घरांत किती कापूस शिल्लक आहे व त्याच्या दावणीला किती गुरें आहेत, ही चौकशी करण्याचें त्यास कारण नव्हतें.

ही जुनी हकीकत आज काढण्याचें कारण गुरांच्या कानांतील पिवळा बिल्ला हें होय.

बिल्ला आतां वऱ्हाडांत कोणास नवा राहिला नाहीं. पोळ्यास बैल सजवून आणले कीं बेगडाच्या व गोंड्यांच्या गर्दींतूनही तो डोकावतोच. त्यावर बारा आंकडे व त्यांखालीं आडव्या-उभ्या रेघांची खूण असते. प्रत्येक जनावरास निराळा आंकडा. एकाचा दुसऱ्यास नाहीं. हा आंकडा व त्याबरोबरची माहिती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें बांधलेल्या वहींत प्रथम चढूं लागली, आणि पुढें तिचेंच मोठें रूप भारत पशुधन ह्या नांवानें झालें. वही म्हणजे अर्थात् संगणकाची. सप्टेंबर २०१९ मध्यें लाळ-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात ह्या दोन रोगांच्या निर्मूलनाची मोहीम सर्व देशांत सुरू झाली, तेव्हांपासून बिल्ला मारण्याच्या कामास मोठा जोर आला. लस टोंचावयाची तर कोणत्या जनावरास टोंचली हें कळलें पाहिजे, ही त्यामागील साधी व निर्विवाद गोष्ट आहे.

आम्ही बिल्ल्याच्या विरुद्ध नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. ज्यांनीं २०२२ चा पावसाळा पाहिला त्यांच्यानें विरुद्ध होववणार नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टांत जळगांव जिल्ह्यांत लम्पीची लागण दिसली, आणि थोड्याच दिवसांत अकोला, बुलढाणा, अमरावती ह्या जिल्ह्यांतील गोठ्यागोठ्यांत ती शिरली. गुरांचे बाजार बंद झाले. अंगभर गांठी आलेली गाय उभी राहूं शकत नाहीं, बैलाच्या पायांस सूज येऊन तो वखरास जुंपण्याच्या लायकीचा राहत नाहीं, हें दृश्य आम्हीं अनेक गांवीं पाहिलें. शासनानें मेलेल्या दुभत्या गाईस तीस हजार, ओढकामाच्या बैलास पंचवीस हजार व वासरास सोळा हजार रुपये भरपाई देऊं केली. अशा वेळीं कोणतें जनावर कोणाचें, त्यास लस कधीं दिली, तें कोणत्या गांवाहून आलें, ह्याची नोंद नसेल तर साथ कोठून आली व कोठें चालली ह्याचा माग लागत नाहीं. ब्रिटनमध्यें २००१ सालीं लाळ-खुरकूत आटोक्यांत आणण्यासाठीं साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. नोंदीची किंमत त्या देशानें अशी मोजली आहे.

तेव्हां आमचा प्रश्न बिल्ल्याचा नसून वहीचा आहे. बारा आंकड्यांपुढें त्या वहींत जनावराची जात, वय, वेत, लसी व रेतनें हीं तर असतातच. पण त्याच ओळींत धन्याचें नांव, गांव व मोबाइलचा क्रमांकही असतो. २०२४ च्या आरंभीं राज्य शासनानें गाईच्या दुधास लिटरमागें पांच रुपयांचें अनुदान दिलें, तेव्हां गाईचा बिल्ला, धन्याचें आधार व बँकेचें खातें ह्यांची सांगड घालावी लागली. १ जून २०२४ पासून तर असें ठरविण्यांत आलें कीं, बिल्ला नसलेल्या जनावराची बाजार समितींत, आठवडी बाजारांत किंवा गांवच्या गांवीं खरेदी-विक्री होऊं नये. त्याची वाहतूक होऊं नये. तें वीज पडून, विजेच्या धक्क्यानें किंवा वन्य पशूच्या हल्ल्यानें मेलें तर भरपाई मिळूं नये. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांतून त्यास सेवाही मिळूं नये. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठीं शेतकऱ्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक आवश्यक झाला, आणि त्यास सातबारा जोडलेला आहे. ह्या सर्व वह्या एकमेकींस जोडल्या कीं कानांतील बिल्ला हें जनावराचें नांव न राहतां शेतकऱ्याचें नांव होतें. तो लावला जनावरास. वाचला जाणार माणूस.

एका वहीचें काम दुसऱ्या कामास कसें लागतें ह्याचा अनुभव आपल्या राज्यास नवा नाहीं. देशांतील पहिलें आधार २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या लहानशा गांवीं दिलें गेलें. गरिबास आपली ओळख पटवितां यावी हा त्याचा सांगितलेला हेतु. पुढें मोबाइलवाला, बँकवाला, शाळा, जो तो तोच क्रमांक मागूं लागला, आणि सप्टेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयास खाजगी कंपन्यांच्या ह्या मागणीस आळा घालावा लागला. आठ वर्षें गेलीं त्यांत.

आतां रेडिओविषयीं. सध्यां आपल्या गुरांच्या कानांत जो बिल्ला आहे तो मुका आहे. तो वाचावयाचा तर माणसानें जनावराजवळ यावें लागतें, कान धरावा लागतो, आंकडे पाहावे लागतात किंवा मोबाइलनें रेघांचें चित्र घ्यावें लागतें. गोठ्याच्या धन्यास दिसतें कीं कोणी आला आहे व तो काय करीत आहे. परंतु परदेशीं पुष्कळ ठिकाणीं बोलका बिल्ला आला आहे. त्यास आर.एफ.आय.डी. म्हणतात. त्यांत तांदळाच्या दाण्यासारखी बारीक वस्तु किंवा कागदासारखी पातळ चकती असते, आणि बहुधा तींत स्वतःची विजेची घडी नसते. वाचणारें यंत्र रेडिओच्या लहरी सोडतें. त्याच लहरींच्या बळावर चकती क्षणभर जागी होऊन आपला आंकडा परत सांगते, जसा आरसा आपल्याजवळ दिवा नसतां दुसऱ्याचा उजेड परतवितो. गुरांसाठीं जी जात वापरतात ती दर सेकंदास १,३४,२०० आंदोलनांच्या लहरींवर चालते, तिचा आंकडा पंधरा स्थळांचा असतो, आणि ती हातभर अंतराच्या आंतबाहेर वाचतां येते. दुसरी एक जात पुष्कळ दुरून वाचतां येते.

ही दुसरी जात वाचकांच्या ओळखीची आहे. मोटारीच्या पुढच्या काचेवर चिकटविलेला फास्टॅग तो हाच. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर तो सक्तीचा झाला. अमरावतीहून अकोल्यास जाणारी, किंवा समृद्धि महामार्गानें नागपुराकडे वळणारी गाडी नाक्याशीं येते, कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि पैसे वळते होतात. सोय मोठी आहे. पण त्याबरोबर अमुक क्रमांकाची गाडी अमुक दिवशीं अमुक वाजतां अमुक नाक्यावरून गेली ही नोंदही झाली, आणि ती किती दिवस राहील व कोण पाहील हें गाडी चालविणारास कोणी सांगत नाहीं. मोटारीच्या जागीं गुरांनीं भरलेली गाडी व नाक्याच्या जागीं बाजाराचें दार कल्पावें, म्हणजे बोलक्या बिल्ल्याचें स्वरूप ध्यानांत येईल. मुक्या व बोलक्या बिल्ल्यांत आंकड्याच्या दृष्टीनें भेद नाहीं. भेद हा कीं, पहिला वाचतांना धन्यास कळतें, दुसरा वाचला गेला तरी त्यास कळेलच असें नाहीं.

हें कांहीं दूरचें भविष्य नव्हे. आपल्या देशांत सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं गुरांच्या विम्याच्या कामीं कानामागें कातडीखालीं अशी चकती टोंचून पाहण्यांत आली आहे. विमा उतरविलेल्या जिवंत गाईच्या कानांतील बिल्ला काढून तो दुसऱ्याच मेलेल्या जनावराबरोबर दाखवावा व विम्याचे पैसे उचलावे, हे प्रकार होत होते. त्यांस आळा बसावा हा तिचा हेतु. म्हणजे ह्या बाबतींत शेतकरी सदासर्वदां निष्पाप असतो असा आमचाही दावा नाहीं.

ऑस्ट्रेलियांत गुरांच्या कानांत रेडिओचा बिल्ला वीस वर्षांपासून सक्तीचा आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून मेंढ्या व शेळ्यांच्या नव्या पिलांसही तो लागूं झाला. अमेरिकेची गोष्ट अधिक बोधक आहे. तेथें डिसेंबर २००३ मध्यें एका गाईस मेंदूचा घातक रोग आढळला. त्यानंतर सरकारनें सर्व देशांतील गुरांच्या नोंदीची मोठी योजना २००४ पासून हातीं घेतली. लहान शेतकऱ्यांनीं ती मानली नाहीं. आमच्या वाड्याचा नकाशा व जनावरांची यादी कोणाच्या हातीं जाणार, हा त्यांचा सवाल होता. कित्येक धर्मपंथी शेतकऱ्यांचा तर धर्माचाच आक्षेप होता. फेब्रुवारी २०१० मध्यें सरकारनें ती योजना सोडून दिली. पुढें तीच गोष्ट आकुंचित स्वरूपांत आली: राज्याची सीमा ओलांडणाऱ्या ठराविक वर्गाच्या गुरांपुरता दुरून वाचतां येणारा बिल्ला ५ नोव्हेंबर २०२४ पासून लागूं झाला. घरच्या गोठ्यांत राहणाऱ्या गाईस तो नाहीं. रोगाचा माग काढण्यास जेवढें लागतें तेवढेंच मागावें, हें तेथील शेतकऱ्यांनीं भांडून मिळविलें.

कापसाच्या धंद्यांतही ही विद्या शिरली आहे, आणि वऱ्हाडच्या वाचकांस ती हकीकत रुचेल. अमेरिकेंत कापूस वेंचणारें मोठें यंत्र वेंचतां वेंचतांच कापसाचा गोल गठ्ठा बांधून त्यावर आवरण गुंडाळतें. त्या आवरणांत रेडिओच्या चकत्या असतात. कापूस जिनांत गेला कीं तो कोणत्या शेताच्या कोणत्या भागांतला, केव्हां वेंचलेला, हें कळूं शकतें. धागा खराब निघाला तर कारण शोधण्यास हें उत्तमच. परंतु तेथील शेतकऱ्यांनीं पुढचा प्रश्न केला: माझ्या शेताचें उत्पन्न एकरीं किती, हें बियाणें विकणारास, यंत्र विकणारास व कापूस घेणारास माझ्या अगोदर कां कळावें? नोव्हेंबर २०१४ मध्यें तेथील शेतकरी-संघटनांनीं बियाणांच्या व यंत्रांच्या कंपन्यांबरोबर बसून तत्त्वें ठरविलीं, त्यांतलें मुख्य हें कीं, शेतांत उत्पन्न झालेली माहिती शेतकऱ्याच्या मालकीची. तीं तत्त्वें कायदा नव्हेत. तरी शेतकऱ्यांच्या संस्थांनीं कंपन्यांस त्यांवर सही करावयास लावली, ही गोष्ट आमच्यासारख्या सहकारी संस्थांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे अडचण कोठें येते तें आतां पाहूं. मूर्तिजापूर तालुक्यांतील आमचे एक वर्गणीदार लिहितात कीं, दोन वर्षांपूर्वीं विकलेल्या बैलाच्या लसीचा निरोप अद्याप त्यांच्याच मोबाइलवर येतो. बैल तिसऱ्या कीं चौथ्या धन्याकडे आहे, त्यांस ठाऊक नाहीं. वहींत मात्र तो त्यांचाच. त्यांनीं हें विनोदानें लिहिलें आहे. आम्हांस तें वाचून हंसूं आलें नाहीं. महाराष्ट्रांत बैल व वळू ह्यांच्या कत्तलीस बंदी करणारा कायदा १९९५ सालीं विधिमंडळानें केला, व त्यास फेब्रुवारी २०१५ मध्यें राष्ट्रपतींची संमति मिळाली. तो योग्य कीं अयोग्य हा वाद येथें करावयाचा नाहीं. पण त्यानंतर थकलेला बैल विकणें हें जोखमीचें काम झालें आहे, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. बाजारांत रीतसर विकलेला बैल चार हात फिरून एखाद्या गाडींत सांपडला तर कानांतील आंकडा कोणाचें नांव सांगेल? ज्यानें तो बारा वर्षें पोसला, राबविला व पोळ्यास पुजला त्याचें. तें नांव पोलिसांच्या हातीं गेलें तर निदान कायद्याची वाट आहे; परंतु ज्यांस कायद्यानें कांहींच अधिकार दिलेला नाहीं अशा मंडळींच्या मोबाइलवर तें गेलें, तर रात्रीं त्याच्या दारावर कोण येईल हें सांगतां येत नाहीं.

ह्याच कायद्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयानें ६ मे २०१६ रोजीं दिलेला निकाल ह्या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. कत्तलीची बंदी न्यायालयानें कायम ठेविली. पण परराज्यांत कापलेल्या गुरांचें मांस घरीं बाळगणें हाच गुन्हा ठरविणारें कलम रद्द केलें, आणि त्याचें कारण हें दिलें कीं, माणसाच्या घरांतील खाजगीपणांत राज्यानें असें शिरूं नये. पुढच्याच वर्षीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें सांगितलें. हा हक्क शहरांतील सुशिक्षितांचा, शेतकऱ्यास त्याचें काय, असें मानणारे पुष्कळ भेटतात. त्याचा एक मोठा निकाल गुरांच्याच कायद्यावर झाला आहे, हें त्यांस सांगावें.

मेळघाटांत प्रश्नाचें रूप निराळें आहे. तेथें गवळी व कोरकू ह्यांचीं गुरें रानांत चरतात, आणि वाघानें गाय मारली तर भरपाईसाठीं बिल्ला पाहिजे. पण राखीव रानांत चरतांना सांपडलेल्या गाईच्या कानांतही तोच बिल्ला असतो. लसीसाठीं टोंचलेला आंकडा दंडासाठीं वाचला जाऊं लागला, तर गवळी पुढच्या खेपेस लसवाल्यास पाहून गुरें रानांत दडवील, आणि साथ आली कीं तिचें खापर त्याच्या अडाणीपणावर फोडलें जाईल. जुना कोंडवाडा १८७१ च्या कायद्याचा. त्यांत गाय सांपडली तर धनी स्वतः जाऊन दंड भरी व सोडवून आणी. गाईच्या कानावरून कोणी त्याचें घर धुंडाळीत नसे.

स्त्रियांचीही एक गोष्ट येथें सांगणें प्राप्त आहे. गोठ्यांतील गाय बहुधा घरची बाई पाळते. वैरण तीच घालते, धार तीच काढते. वहींत नांव मात्र नवऱ्याचें. वऱ्हाडांत ज्या घरांचा कर्ता पुरुष कर्जापायीं गेला त्या घरांची संख्या थोडी नाहीं. अशा घरांतील बाई गाय विकावयास बाजारांत गेली तर बिल्ला मेलेल्या माणसाचें नांव सांगतो, आणि ज्या दुःखाची वाच्यता तिला नको असते तें दाराशीं बसलेल्या कारकुनास सांगितल्यावांचून तिची गाय विकली जात नाहीं.

आम्हांस वारंवार ऐकविलें जातें कीं, प्रामाणिक शेतकऱ्यानें लपवावें असें त्याच्याजवळ आहे काय? ह्यास आमचें उत्तर बाजारांतलेंच आहे. कोणता शहाणा शेतकरी कापूस विकण्यापूर्वीं व्यापाऱ्यास घरांतील सर्व गंज्या दाखवून आणतो? कोणता व्यापारी आपल्या खरेदीची वही शेतकऱ्यापुढें उघडतो? ऐन मृगाच्या तोंडावर अमुक माणसानें दोन बैलांपैकीं एक विकला, हें ज्या सावकारास कळलें त्यास त्याची पेरणी अडली आहे हेंही कळलें. दुभती गाय गेली हें ज्यास कळलें त्यास घरांतील दुखणेंही कळतें. ही माहिती चोरीची नाहीं, पापाची नाहीं. तरी ती उघडी पडली कीं भाव पडतो. पूर्वीं ती एका गांवांत फिरे. आतां ती एका कळेसरशीं सर्व जिल्ह्याची काढतां येते, हा फरक आहे.

कायदा आहे काय? आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्यें झाला, व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्या माहितीवरून माणूस ओळखतां येतो ती व्यक्तिगत, अशी त्यांत व्याख्या आहे. त्या व्याख्येंत धन्याच्या नांवास जोडलेला बिल्ल्याचा आंकडा सहज बसतो. परंतु अनुदान, सवलत किंवा सेवा देण्यासाठीं शासनास पुष्कळ बाबतींत संमति न घेतांही माहिती वापरतां येते, आणि शासनाच्या कांहीं यंत्रणांस कायद्यांतून सूट देण्याचीही तरतूद आहे. बिल्ल्याचें सर्व प्रकरण नेमकें अनुदान व सेवा ह्यांच्या पोटांत येतें. तेव्हां केवळ कायद्यावर विसंबून चालावयाचें नाहीं. बिल्ल्याचे असे निराळे नियम पाहिजेत, आणि तेही बोलका बिल्ला येण्यापूर्वीं पाहिजेत. तो एकदां लाखों कानांत बसला म्हणजे मग नियम मागणें हें बैल गेल्यावर झोपा करण्यासारखें होईल.

आमचें मागणें फार नाहीं. बिल्ला मारतांना धन्यास मराठींत छापलेली पावती द्यावी, आणि ही माहिती कोणत्या कामासाठीं घेतली, कोण पाहील, हें तिच्यावर असावें. रोगाच्या कामाची वही रोगाच्याच कामास वापरावी. पोलिसांस ती पाहणें असेल तर त्यांनीं लेखी हुकूम आणावा, आणि सावकार, विमावाले व औषधवाले ह्यांस धन्याच्या स्पष्ट संमतीवांचून ती मिळूं नये. वही कोणी केव्हां उघडली ह्याची नोंद धन्यास पाहतां यावी. १८९७ च्या कायद्यानें मापाऱ्याचें वजन तपासलें तसें आज वही बाळगणाराचें तपासावें, एवढाच ह्याचा अर्थ. रेडिओचा बिल्ला आलाच तर त्यांत केवळ आंकडा असावा. नांव, गांव, मोबाइल ह्यांपैकीं कांहीं नसावें. आणि मालकी बदलण्याची सोय प्रत्येक गुरांच्या बाजारांत, बाजाराच्या दिवशीं, फुकट असावी. परतवाड्यास किंवा मूर्तिजापुरास बैल विकून संध्याकाळच्या एस्.टी.नें घरीं जाणाऱ्या माणसानें नांव बदलण्यासाठीं दुसरा दिवस मोडावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दवाखान्याची अट मात्र आम्हांस मुळींच पटत नाहीं. धन्यानें बिल्ला मारून घेतला नाहीं ही धन्याची चूक असेल. पोट फुगून पडलेल्या म्हशीची ती चूक नव्हे. आधीं उपचार करावा, मग खुशाल बिल्ला मारावा. आमच्या ओळखीचे बहुतेक पशुवैद्य असेंच करतील, हेंही आम्हांस ठाऊक आहे. परंतु डॉक्टरानें भूतदयेसाठीं नियम मोडावा अशी वेळ नियमानें आणूं नये. बिल्ला मारण्याच्या कामींही थोडी अधिक काळजी हवी आहे. कानाच्या दोन शिरांच्या मधल्या जागीं, स्वच्छ केलेल्या चिमट्यानें, आणि शक्यतों पावसाळा टाळून तो मारला तर जखम चिघळत नाहीं. घाईनें कडेला मारलेला बिल्ला कुंपणाच्या तारेंत किंवा बाभळीच्या फांटींत अडकतो, कान फाटतो, आणि फाटलेल्या कानांत अळ्या पडतात. बिल्ला पडला कीं वर धन्यासच विचारतात, कां काढला म्हणून.

ह्या मागण्यांचा मसुदा संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढें ठेवावयाचा आहे. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील ज्या वाचकांस बिल्ल्याच्या नोंदींत चूक आढळली असेल, विकलेलें जनावर अद्याप आपल्याच नांवावर असेल, किंवा आपली माहिती भलत्याच माणसाच्या हातीं गेल्याचा अनुभव आला असेल, त्यांनीं तें आम्हांस लिहून कळवावें. नांव छापलें जाणार नाहीं. तोंपर्यंत जे जनावर विकतील त्यांनीं बिल्ल्याचे बारा आंकडे, विक्रीची तारीख व घेणाराचें नांव बाजाराच्या पावतीवर आपल्या समक्ष लिहवून घ्यावें, ती पावती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवावी, आणि आठ दिवसांच्या आंत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जाऊन वहींतील आपलें नांव काढून टाकण्यास सांगावें.